टोपाखालचा साक्षीदार

सातव्या फटक्याला फोर्तुनातो चाम्पीचा सदरा पाठीला चिकटला आणि आठव्याला फाटला. मी मोजत होते. दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं. दोन बायकांनी माझे दंड धरले होते आणि तिसरीने मागून माझी वेणी मुठीला गुंडाळून घेतली होती.

"एकेचाळीस उंबरे आहेत गावात," गावाच्या गस्तीपथकाचा अध्यक्ष एलेउतेरियो चर्चच्या पायरीवरून ओरडून सांगत होता. "दर उंबऱ्याचे तीन. कोणी आपला वाटा सोडायचा नाही. आणि हळू मारायचं नाही, मी बघतोय."

एकशे तेवीस. चाम्पी चोपन्न वर्षांचा होता आणि त्याचं वजन साठ किलोच्या आत असेल. आसूड गाईच्या कातड्याचा, तीन पदरी, टोकाला गाठी मारलेला. पन्नासच्या पुढे तो जगणार नाही असा माझा अंदाज होता. तिसऱ्या घराच्या म्हातारीला आसूड एका हाताने पेलेना, तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि नववा फटका मारला. मारताना ती रडत होती. चाम्पी याच गावचा, ल्युस्कामायोचा. लहानपणी त्याने तिच्या मेंढ्या राखल्या होत्या.

आरोप साधा होता. आम्ही त्यांचा देव शहरात नेऊन विकला आणि त्याच्या जागी नकली आणून ठेवला.

मी मूळची रसायनशास्त्राची. मार्चमध्ये मला विद्यापीठात जुन्या वस्तूंचं जतन शिकवण्याची दहा महिन्यांची नेमणूक मिळाली होती, कारण कायमच्या बाई रजेवर परदेशी गेल्या होत्या. कायमच्या लोकांची नावं दारांवर रंगवलेली होती. माझं एका कागदावर लिहून चिकटपट्टीने डकवलं होतं. पुढचं वर्ष मिळणार की नाही, ते विभागप्रमुख डॉक्टर याबार यांच्या सहीवर होतं.

चाम्पी आमच्या प्रयोगशाळेतला कारागीर. सव्वीस वर्षं तिथे. कोणता पदार्थ कशात विरघळतो आणि का, ते मी मुलांना सांगायचे. हात किती हलका ठेवायचा ते चाम्पी दाखवायचा. कापसाची काडी घासायची नाही, लाटायची, हे मलाही त्यानेच शिकवलं. मला तो प्रोफे म्हणायचा, म्हणजे प्रोफेसर. त्या हाकेत थोडा मान असायचा आणि थोडी थट्टा.

माझा तिसरा पाठ साक्षीदारावर होता. जुनी मूर्ती स्वच्छ करताना कुठेतरी एक छोटा चौकोन न पुसता सोडायचा. दोनशे वर्षांची काजळी, मेण, बोटांचं तेल, सगळं तिथे जसंच्या तसं राहू द्यायचं. आमच्या कामात त्याला साक्षीदार म्हणतात. उद्या कोणी विचारलं, की आधी हे कसं होतं, तर उत्तर द्यायला तेवढाच उरतो.

मे महिन्यात ल्युस्कामायोचा सांतियागो, म्हणजे त्यांच्या संताची मूर्ती, आमच्याकडे आला. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला, मगे नावाच्या घायपाताच्या देठाचा आणि सरसात भिजवलेल्या कापडाचा. गावात त्याला तायता म्हणतात, म्हणजे बाप. वीज तोच पाडतो. चरबीच्या मेणबत्त्यांच्या धुराने त्याचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं, आणि घोड्याच्या पोटाला कीड लागली होती. शेजारच्या खोऱ्यात दोन वर्षांत चोरांनी तीन चर्चं फोडली होती, त्यामुळे गाव मूर्ती द्यायला तयार नव्हतं. चाम्पीने सभेत उभं राहून, मातीवर काढलेल्या क्रुसाचं चुंबन घेऊन शब्द दिला होता, "जसा नेतो, तसा आणतो."

घोड्याची कीड आम्ही सहा आठवड्यांत संपवली. तोंड पुसायचं ठरलं नव्हतं. ते डॉक्टर याबारांनी ठरवलं, कारण जुलैत विद्यापीठाचा वर्धापनदिन होता आणि प्रदर्शनात काळं तोंड बरं दिसलं नसतं. काजळीखालून गुलाबी गाल निघाले, निळे डोळे निघाले. दोन साक्षीदार मी राखले होते, एक डाव्या कानाखाली दोन सेंटिमीटरचा आणि दुसरा मानेवर, खऱ्या केसांच्या टोपाखाली.

प्रदर्शनासाठी फोटो काढायच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले. वाकून बघितलं.

"हे काय? संताला चामखीळ फुटली?"

"साक्षीदार आहे, डॉक्टर."

"साक्षीदार कोर्टात शोभतो, सोराइदा. उद्या कुलगुरू येतायत. मूर्तीवर कुठेही डाग नकोय मला, कुठेही." दाराशी जाऊन ते थांबले. "आणि हो, तुमचा पुढच्या वर्षाचा कागद आलाय माझ्या टेबलावर. आठवण करून द्या मला."

ते गेल्यावर मी कापूस घेतला. चार काड्या लागल्या. चाम्पी हात पुसत शेजारी उभा होता.

"मारलात साक्षीदाराला, प्रोफे."

"मानेवरचाही पुसून घ्या," मी त्याच्याकडे न बघता म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

सणाच्या दोन दिवस आधी, तेवीस जुलैला, आम्ही दोघं मूर्ती घेऊन गावात पोचलो. चर्च भरलेलं होतं. चाम्पीने कापड काढलं आणि हसत मागे सरकला. मग एक म्हातारा म्हणाला, "हा तर जमीनदार आहे."

खरंच तसा दिसत होता. जुन्या जमीनदारांचे गाल असेच गुलाबी होते, डोळे असेच निळे. ज्यांनी त्यांचा चाबूक खाल्लेला होता ती माणसं अजून जिवंत होती.

"तायता कुठाय?" एलेउतेरियोने विचारलं. "फोर्तुनातो, आमचा तायता कुठाय?"

त्या रात्री आम्हाला बटाट्याच्या कोठारात कोंडलं. सकाळी चौकात नेलं.

नवव्या फटक्यानंतर एलेउतेरियोने हात वर केला. "मास्तरीणबाईंना बोलू द्या. शहराचं काय म्हणणं आहे ते ऐकू."

मागचीने माझी वेणी सोडली. गावाची केचुआ भाषा मला आजीकडून आलेली, स्वयंपाकघरापुरती. मी सगळं खरं सांगायचं ठरवलं. खरं आणि क्रमाने. मला वाटलं, कृती नीट कळली की माणसं शांत होतात. वर्गात तसंच होतं.

"हा तुमचाच तायता आहे," मी म्हटलं. "काळं होतं ते धुराचं होतं. ते आम्ही काढलं."

"कशाने काढलं?" गर्दीतून बाईचा आवाज आला. "साबणाने? तेजाबाने?"

"नाही, नाही. तेजाब रंग खातो. सगळ्यात सौम्य जे असतं त्याने." विद्यापीठात मी त्याला विकरांचं द्रावण म्हणते. जुन्या कारागिरांपासून आजच्या संग्रहालयांपर्यंत सगळेच ते वापरतात, कारण ते कोमट असतं, ना आम्ल ना अल्क, आणि रंगाला धक्का न लावता काजळी उचलतं. आजीच्या भाषेत मला त्याला एकच शब्द येत होता, आणि मी तो वापरला. "थुंकीने."

"थुंकलीस?" तोच आवाज. "तायताच्या तोंडावर थुंकलीस?"

"काडीवर. काडी जिभेवर फिरवायची आणि..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. एक दगड माझ्या खांद्याला लागला. बायकांनी मला खाली पाडलं, कोणाची तरी टाच माझ्या बोटांवर आली. चौथ्या घराच्या माणसाने आसूड हिसकावून घेतला. आधीचे नऊ फटके नाइलाजाचे होते; हे तसे नव्हते. दहा, अकरा, बारा. चाम्पी पहिल्यांदाच ओरडला. पाचव्या घराच्याने पळत येऊन मारले. पंधराव्या फटक्याला चाम्पीचे गुडघे गेले आणि खांबाला बांधलेल्या मनगटांवर तो लोंबकळू लागला. अजून एकशे आठ बाकी होते.

"थांबा," तो बाईचा आवाज म्हणाला, आणि गर्दी बाजूला झाली.

ती बासिलिया वामानी होती, या वर्षीच्या सणाची मानकरीण. चाळिशीची, रुंद खांद्यांची, गुरांना धरून डाग देणारी बाई. तिची आई तीन वेळा मानकरीण झाली होती आणि याच वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत वारली होती. बासिलिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने डोक्यावरची टोपी काढून कोणाकडे तरी दिली.

"देवाच्या तोंडावर थुंकायला जमतं ना तुला? आता माझ्या तोंडावर थुंक. ऊठ."

मला काय चाललंय ते कळायला वेळ लागला. या भागात सणाच्या आदल्या दिवशी वर्षभराची भांडणं चौकात मुठींनी मिटवतात; ताकानाकुय म्हणतात त्याला. आधी मिठी, मग मारामारी, मग पुन्हा मिठी. पडलेल्याला मारायचं नाही. बाया पुरुषांसारख्याच लढतात.

"भांडण लागलं की आसूड थांबतो," एलेउतेरियो नाखुशीने म्हणाला. "रिवाज आहे. पण एवढं झालं की उरलेले फटके बाईंच्या देखत."

"मुठी कोण बांधणार हिच्या?" कोणीतरी हसलं. "बघा तरी मनगटं. कोंबडीचे पाय."

"मी बांधतो," चाम्पी म्हणाला.

त्याला सोडून खाली बसवलं. माझा विणलेला कमरपट्टा घेऊन तो माझ्या बोटांवर गुंडाळू लागला. पट्टा सारखा बसत होता, प्रयोगशाळेत पट्ट्या बसायच्या तसा. तो अगदी हळू, आमच्या शहरी स्पॅनिशमध्ये बोलला.

"प्रोफे, मी पुसला नाही."

"काय?"

"मानेवरचा. टोपाखालचा."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मी बरं म्हणालो. बरं म्हणजे हो नव्हे." त्याने रक्त थुंकलं. "टोप बसवताना मानकरीण काजळीचा अंगठा दाबते तिथे. शेवटचा बासिलियाच्या आईचा आहे. तिचा अंगठा विळ्याने चिरलेला होता, आडवा. ती चीर दिसते काजळीत. असला साक्षीदार कोणता चोर बनवेल?"

"मग ओरडून सांगा! आत्ता सांगा!"

"आणि मग? हे सगळे तायताला चौकात आणून टोप उपटतील. त्याचं बोडकं डोकं मानकरणीशिवाय कोणी बघत नाही."

"तुम्ही बघितलंत."

"म्हणूनच मार खातोय असं समजा." त्याने दुसरी मूठ हातात घेतली. "तिच्या कानात सांगा. एकटीने बघ म्हणावं. एरवी ती तुम्हाला जवळ उभं करणार नाही, पण शेवटी मिठी मारावीच लागेल तिला. फक्त एक आहे. शुद्ध हरपली तर उचलून नेतात. मिठी नाही मग. पायांवर राहा, प्रोफे."

पहिली मिठी लाकडासारखी होती आणि मी तोंड उघडायच्या आत संपली. तिच्या कपड्यांना धुराचा आणि चीजचा वास होता.

पहिला ठोसा डाव्या गालाच्या हाडावर आला. आवाज बाहेरून आला नाही, कवटीच्या आतून आला. दुसरा नाकावर. डोळ्यांत पाणी आलं आणि चौक एका बाजूला कलला. गरम रक्त ओठांवरून तोंडात उतरलं. मी मागे सरकत होते. लढत सांभाळायला आसूड घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मागून माझ्या पोटऱ्यांवर फटका देऊन मला पुढे ढकललं.

"मार की ग!" एक म्हातारी मला ओरडली. "नाचायला आलीयस का?"

तिसरा कानावर बसला. मी एका गुडघ्यावर आले. जमीन थंड होती आणि तिथेच राहावंसं वाटलं. बासिलिया मुठी खाली करून वाट बघत उभी राहिली, रिवाजाप्रमाणे. आठ श्वास मोजून मी उठले.

चौथ्याला मी डोकं खाली घातलं आणि तिचा हात माझ्या केसांवरून गेला. माझी मूठ सरळ पुढे गेली, तिच्या तोंडावर. दात लागले, पट्ट्याखाली माझं बोट फुटलं, आणि तिचा ओठ फाटला. मला ते आवडलं, हे लिहायला हवं. डॉक्टर याबार, दारावरचा कागद, माझ्या हाताने पुसलेला चौकोन, सगळं त्या मुठीत होतं, आणि त्यातलं काहीच बासिलियाचं नव्हतं. मी पुन्हा मारलं, तिसऱ्यांदाही मारलं. गर्दी गुरगुरली.

मग तिने मला नीट मारलं. हनुवटीवर. माझा एक खालचा दात जिभेवर आला. मी पडत होते तेव्हा मी तिच्याच पोलक्याला दोन्ही हातांनी धरलं आणि लोंबकळत राहिले. आसूडवाल्याने आम्हा दोघींच्या मध्ये आसूडाची मूठ घातली.

"बस! उभ्या आहेत दोघी. मिठी मारा."

तिने मला उचलूनच धरलं म्हणायचं. माझी हनुवटी तिच्या खांद्यावर होती. दात मी गालात ढकलला आणि बोलले. शब्द फेसाळ येत होते.

"टोपाखाली. मानेवर. तुझ्या आईचा अंगठा. चाम्पीने पुसला नाही. एकटी जा."

तिचं अंग ताठ झालं. तिने मला झटकलं आणि मी बसकण मारली. ती माझ्याकडे बघत राहिली, फाटलेल्या ओठातून श्वास घेत. मग चर्चकडे चालू लागली.

"झालं," एलेउतेरियो म्हणाला. "बांधा त्याला. सहावं घर."

मी ओरडले, पण सुजलेल्या तोंडातून कळेल असा शब्द निघाला नाही. सोळा. सतरा. अठरा. सातव्या घराचे तिघं भाऊ होते, त्यांनी एकेक वाटून घेतला. एकवीस. चर्चचं दार बंदच होतं. आठव्या घराचा माणूस लहानपणी शाळेत चाम्पीच्या वर्गात होता. त्याने डोळे मिटून मारले, त्यामुळे एक मानेवर बसला. चोवीस. चाम्पी आता ओरडत नव्हता. मला वाटलं तिला सापडलं नाही. मग वाटलं, चाम्पीने मला धीर द्यायला खोटं सांगितलं असेल. मग वाटलं, आमच्या गाडीच्या प्रवासात टोप घासून तो अंगठा पुसला गेला असेल. काजळीला धरून ठेवायला तिथे काहीच नव्हतं.

पंचवीस. सव्वीस.

सत्ताविसाव्याला आसूड वर गेला आणि खाली आलाच नाही. बासिलियाने मागून त्याची शेपटं पकडली होती. गाठ तिच्या मनगटाला लागून रक्त आलं होतं. तिने दुसरा हात वर केला. अंगठा काळा होता.

"तायताच आहे," ती म्हणाली.

"बासिलिया, तू दुःखात आहेस, तुझी आई..." एलेउतेरियोने सुरुवात केली.

"आई आहे त्याच्या मानेवर. मी माझा अंगठा ठेवून बघितला. मानकरीण मी आहे की तू?" तिने आसूड ओढून घेतला. "सोडा फोर्तुनातोला. आणि ज्याला अजून आपला वाटा मारायचाय त्याने पुढे या, मुठी बांधून. मी इथेच आहे."

कोणी पुढे आलं नाही. दोरी सोडली तेव्हा चाम्पी बाजूला कोसळला आणि ज्या म्हातारीने दोन्ही हातांनी आसूड उचलला होता, तिने आपली शाल काढून जमिनीवर अंथरली.

बासिलिया माझ्याकडे वळली. "तोंड कोणी पुसलं?"

मी स्वतःकडे बोट केलं.

"मग तूच काळं कर."

सण दुसऱ्या दिवशी होता. त्याच दुपारपासून मी चरबीच्या मेणबत्त्या हातात धरून, शिडीवर चढून तायताच्या तोंडाखाली धूर धरत होते. शिकलेल्या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध. माझा डावा डोळा बंद झाला होता, म्हणून अंतर नीट कळत नव्हतं. चाम्पीला त्यांनी चर्चमध्येच मेंढीच्या कातड्यांवर पालथं ठेवलं होतं. पाठीवर कुटलेला पाला थापला होता. तो मान तिरकी करून तिथून सांगत होता.

"लांब धरा, प्रोफे. ओठ जळतील त्याचे."

"दिसत नाहीये मला."

"मग हलक्या हाताने. लाटा, घासू नका."

"धूर कसा लाटू?"

तो हसला आणि लगेच कण्हला. पाठ हलली की पाला सरकत होता.

गाल काळे होत आले तेव्हा मी डाव्या कानाखाली ओल्या कापसाचा तुकडा धरला. दोन सेंटिमीटर. तेवढी जागा गुलाबी राहिली. खाली उभी असलेली बासिलिया ते बघत होती.

"ते काय आता?"

"साक्षीदार," मी म्हटलं. "मी काय केलं होतं त्याचा."

ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली, तिचा सुजलेला चेहरा माझ्या सुजलेल्या चेहऱ्याजवळ आला. तिने मेणबत्तीच्या वातीवरून अंगठा फिरवला आणि त्या गुलाबी चौकोनावर दाबला. पूर्ण झाकला.

"आम्ही एवढे सगळे असताना?" ती म्हणाली. "उतर आता, सूप पी."

शहरात परतल्यावर मी कामाचा अहवाल लिहिला. त्यात साक्षीदाराची जागा लिहायचा एक रकाना असतो. मी लिहिलं: मान, केसांच्या टोपाखाली. पुढच्या ओळीत लिहिलं, की तो माझ्या सूचनेविरुद्ध फोर्तुनातो चाम्पी यांनी राखला. कानाखालचा मी पुसला, डॉक्टर याबार यांच्या सांगण्यावरून. खाली माझी सही केली आणि अहवाल डॉक्टरांच्या टेबलावर, माझ्या पुढच्या वर्षाच्या कागदावर, ठेवून आले. मग माझ्या दारावरची चिकटपट्टी नखाने उचलली. ती सहज निघते. खाली डागही राहत नाही.

चाम्पीच्या पाठीवर मात्र राहिले आहेत. तो सप्टेंबरमध्ये कामावर आला; माझे दहा महिने तेव्हा संपायचे होते. पहिल्याच दिवशी मुलांनी विचारलं, की साक्षीदार म्हणजे नेमकं काय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सदऱ्याची बटणं काढू लागला.

"राहू द्या, मास्तर," मी म्हटलं. "मी सांगते."